तपासून दिलेली गाडी

"ताई, हा दिवा कधी लागला?" केदारने खिडकीतून वाकून विचारलं.

मंजुषाताईंनी सीटबेल्ट काढता काढता डॅशबोर्डकडे पाहिलं. इंजिनाच्या आकाराचा छोटा पिवळा दिवा लागलेला होता.

"हा होय? हा पहिल्यापासूनच होता की, काका."

केदार सरळ उभा राहिला. पहिल्यापासून? मंगळवारी ही गाडी त्यानेच तर त्यांच्या ताब्यात दिली होती.

डॅलसच्या विमानतळाजवळच्या या भाड्याच्या गाड्यांच्या लॉटवर त्याचं कामच ते. आपण गाडीत बसायचं, बटण दाबायचं. सगळे दिवे एकदम लागतात आणि मग एकेक करून शांत होतात, ते गिऱ्हाइकाला दाखवायचं. एखादा रेंगाळला, तर ती गाडी द्यायची नाही. सांगलीच्या बँकेत सव्वीस वर्षं सह्या ताडून पाहिलेला माणूस. बहिणीने केलेल्या ग्रीन कार्डच्या अर्जावर चोपन्नाव्या वर्षी अमेरिकेत आला, तरी नजर तीच. कामावरचा जोडीदार अमित रोज चिडवायचा, "काय काका, आज काय दिवे लावलेत?" आणि केदार म्हणायचा, "लावत नाही रे बाबा, गेले का ते बघतो."

मंगळवार तर त्याला जसाच्या तसा आठवत होता. रोज पहाटे कामावर येताना ज्यांची कीर्तनं तो कानाला लावून ऐकायचा, त्या न्यू जर्सीच्या मंजुषाताई साक्षात समोर उभ्या होत्या. नऊवारी नाही, जीन्स. पण आवाज तोच, खडा. केदारने भर लॉटमध्ये त्यांना वाकून नमस्कार केला होता. पेटीची साथ करणारे त्यांचे यजमान संग्रामराव हसत हसत फोटो काढत होते, पाठवायला म्हणून त्यांनी केदारचा नंबरही घेतला. मग त्याने ताईंना एकेक दिवा समजावून सांगितला, टॅबलेटवर 'सर्व ठीक' अशी खूण केली, आणि खाली ताईंनी सही केली.

शनिवारी रजा टाकून तो जवळच्या फ्रिस्कोला कीर्तनाला गेला, पहिल्या रांगेत बसला. उत्तररंगात ताई मध्येच थांबल्या, चिपळ्या खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "चूक उघडी पडली, की माणसाच्या तोंडून पहिला शब्द कुठला येतो हो? रामकृष्णहरी? छे! पहिला शब्द, 'मी नाही!'" सभागृह हसलं. केदारचे डोळे मात्र भरून आले होते.

आणि आज त्याच ताई म्हणत होत्या, पहिल्यापासून.

"नीट आठवून बघा," तो हळूच म्हणाला. त्यांना परतायला वाट मिळावी, एवढंच त्याच्या मनात होतं. "ह्यूस्टनच्या कीर्तनाहून येताना वगैरे लागला असेल. होतं असं."

"नाही हो. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, हा दिवा काही जात नाहीये. तर हे म्हणाले, काकांनी स्वतः तपासून दिलीये गाडी, काळजी कसली?"

पेटी उतरवून घेणाऱ्या संग्रामरावांनी मान डोलावली.

म्हणजे वर खापरही आपल्याच माथी! केदारची मान खाली गेली. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला चोरी करताना पाहावं, तसं त्याला झालं. लाज ताईंना वाटायला हवी होती. वाटत होती त्याला.

एवढ्यात मॅनेजर लॉरा आली. तिच्याबरोबरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून मान हलवली. पाच दिवस तसंच दामटल्यामुळे इंजिनाचं काम निघालं होतं.

"केदार, गाडी बाहेर पडली तेव्हा हा दिवा लागलेला होता का?"

'नाही' म्हणायचा अवकाश, की ताई चारचौघांत खोट्या पडणार होत्या. मागे गिऱ्हाइकांची रांग उभी होती.

"हो मॅम. चूक माझी आहे. मी नीट पाहिलं नाही."

"काका? तुम्ही?" अमितच्या हातातल्या किल्ल्या तशाच राहिल्या.

"दुसरा कोणी असता तर मला नवल वाटलं नसतं," लॉरा म्हणाली. "सोमवारपासून तू गाड्या धुण्यावर जा."

ती गेल्यावर ताई जवळ आल्या. त्यांनी हात जोडले.

"काका, सगळ्यांसमोर किती सरळ कबूल केलंत! मी नुसती गाऊन सांगते. तुम्ही करून दाखवलंत."

किती बेमालूम सोंग, केदारच्या मनात आलं. त्याने वर पाहिलंच नाही. ताईंनी पिशवीतून खडीसाखरेची पुडी काढून पुढे केली.

"ठेवा तिथे," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी इकडे प्लेनोला येणार आहे. तुमची जागा पहिल्या रांगेत, बरं का."

"नाही जमायचं."

ताईंचा चेहरा पडला. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण टर्मिनलची बस आली. मंगळवारी वाकलेला केदार आज ताठ उभा राहिला आणि बस वळायच्या आत त्याने पाठ फिरवली.

मग शेडच्या सावलीत बसून त्याने फोन काढला. ताईंची त्रेचाळीस कीर्तनं होती त्यात. एकेक करून त्याने सगळी पुसून टाकली. पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

तेवढ्यात संग्रामरावांचा मेसेज आला. "काका, आमच्यापायी तुम्हाला बोलणी खावी लागली. मंजुषा फार हळहळतेय. मंगळवारचा हा फोटो पाठवायचा राहिला होता, आठवण म्हणून ठेवा."

फोटोत केदार गाडीत बसला होता. नजर ताईंच्या चेहऱ्यावर खिळलेली, एक बोट डॅशबोर्डवर; आणि बाकीचे सगळे दिवे शांत होऊन गेल्यावर त्या बोटाच्या अगदी टोकाशी, इंजिनाचा पिवळा दिवा एकटाच लख्ख लागलेला होता.