गादीखालची इस्त्री

"एक माउस द्या भाई, साध्यातला," स्वरूपा म्हणाली. "लॅपटॉपवर बोटानं फिरवायची पाटी असते ना, ती दाबतच नाही."

अय्युबभाईंनी खोकं काउंटरवर ठेवलं. बारामतीत पंधरा वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस; साधा माउस मागितला तरी दोन प्रश्न विचारल्याशिवाय देईल तर शपथ.

"दाबत नाही म्हणजे? पाणी सांडलं का?"

"पाणी न्हाय. वर आलीय ती. आन् कालपासनं झाकणही नीट बसंना." तिनं मोबाइलमधला फोटो पुढं केला.

फोटो बघून अय्युबभाईंनी खोकं परत मागं ओढलं.

"चार्जर किती वेळ लावता?"

"कायमच. काटेवाडीत लाइटीचा काय भरवसा? दोन वर्षं झाली, काढलाच न्हाय," स्वरूपानं जरा ऐटीतच सांगितलं. पुण्याच्या कंपनीचं काम ती घरून करायची. पलंगावर गोधडी, गोधडीवर लॅपटॉप. खालून तव्यासारखा तापायचा. पण ताप काय माणसाला येतो, यंत्राला कुठला, अशी तिची समजूत.

"ताई, बॅटरी फुगलीय. सारखी काठोकाठ भरलेली, त्यात खालून गोधडी. ऐंशी टक्क्याला चार्जर काढायचा असतो, वारा लागू द्यायचा असतो." भाई एकदम थांबले. "आत्ता काढलाय ना चार्जर? आणि वर काही वजन न्हाय ना ठेवलं? दाब बसला तर पेट घेती ती. वेळ देत न्हाय."

घरी सासू होती, कुशाबाई. आणि दोन वर्षांची लेक, छकुली. स्वरूपानं फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"आत्या, लॅपटॉप कुठंय?"

"इस्त्रीला घातलाय," कुशाबाई हसल्या. "झाकण बसंना म्हणत व्हतीस न्हवं? माझ्या युवराजच्या पँटी घालते तसा गादीखाली घातला. तू चिडशील म्हणून इचारलं न्हाय. सांजपतूर सपाट हुतोय बघ."

"गादीखाली? आत्या, छकुली कुठंय?"

"त्याच्यावरच निजवलीय की. तेवढंच वजन."

दुकानात चार्जर बघत उभं असलेलं एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. अय्युबभाई फोनजवळ वाकले.

"मावशी, वायर लावलीय का काढलीय?"

"लावलीय की. काढू कशी? तीच रोज बजावती, लाइट हाय तवर वायरला हात लावू नका म्हणून. म्या तर केर काढतानाबी वायर ओलांडून जाते."

"पोरीला उचला. पहिलं पोरीला उचला," भाई म्हणाले. "जाता जाता भिंतीवरचं बटण बंद करा आन् भाईर अंगणात या. लॅपटॉपला हात लावायचा न्हाय."

"आवं, आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा. मोडली झोप तर दिवसभर किरकिर…"

"उचला तिला!" स्वरूपा किंचाळली. सात वर्षांच्या संसारात सासूपुढं तिचा आवाज कधी चढला नव्हता. "आत्या, पाया पडते तुमच्या! उचला!"

पलीकडं फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज झाला. मग नुसता पंखा. घर्रघर्र, घर्रघर्र. बांगड्या वाजल्या. मग परत पंखाच. स्वरूपानं काउंटरची कड घट्ट धरली होती. एवढा वेळ का लागतोय? पलंग ते दार, पाच पावलं. पाच पावलांना किती वेळ लागतो?

छकुली भोकाड पसरून रडली. रडणं लांब लांब गेलं, अंगणाकडं. स्वरूपाही रडायला लागली.

भाईंनी दुकानाचं शटर ओढलं. काटेवाडीपर्यंत त्यांची गाडी पुढं, हिची स्कूटी मागं. धूर दिसतोय का म्हणून ती सारखी मान उंच करत होती. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या आडव्या. प्रत्येक ट्रॉलीला तिनं मनातल्या मनात शिव्या दिल्या.

धूर नव्हता. कुशाबाई लिंबाखाली छकुलीला गच्च धरून बसल्या होत्या. पोरगी हसत त्यांच्या बांगड्या ओढत होती. स्वरूपानं लेकीला जवळ घेतलं. सासूला बोलणार काय? वायर काढू नका, हे शब्द तर तिचेच होते.

अय्युबभाईंनी घमेल्यात वाळू मागून घेतली. ते आत गेले, आणि बऱ्याच वेळानं दोन्ही हातांवर लॅपटॉप आडवा घेऊन, श्वास धरल्यासारखे बाहेर आले. त्याचं पोट फुगलं होतं, एक कड उकलली होती. कडब्याच्या गंजीपासून लांब, उघड्यावर त्यांनी तो वाळूत ठेवला.

तेव्हा कुठं दोघी घरात गेल्या. कुशाबाईंनी गादीवरून हात फिरवला. छकुली झोपायची त्या जागी तो थांबला.

"हितं ऊब हाय बग आजून," त्या म्हणाल्या. "पोरीचीच असंल. व्हय ना गं?"

स्वरूपानं तिथं तळवा टेकवला. छकुलीला उचलून अर्धा तास होऊन गेला होता.

"व्हय आत्या," ती म्हणाली. "तिचीच."