पट्ट्याखाली

तीस वर्षं वॉर्डात जखमा धुताना नर्सबाईंनी कधी नाक मुरडलं नव्हतं. घरात आठवडाभर सडका वास येत होता, म्हणून त्यांनी फिनाइलच्या बाटल्या रित्या केल्या. शेवटी वास घरातल्या कुत्र्याचाच निघाला. जनावरांच्या डॉक्टरांनी मानेवरचे दाट केस बाजूला केले, मांसात रुतलेला पट्टा कात्रीने कापला आणि पांढऱ्या अळ्या वळवळत टेबलावर सांडल्या. बेसिनवर ओकून बाई परतल्या आणि चिमट्याने एकेक अळी उपसू लागल्या. कुत्रा कण्हत त्यांचंच मनगट चाटत होता. “पट्टा कधी सैल केला नाहीत?” डॉक्टरांनी विचारलं. “लेकाने बांधला होता. तो अपघातात गेला, सहा महिने झाले. त्याने लावलेलं बक्कल सोडवेना मला.” “तेव्हा हा केवढा होता?” बाईंनी चिमटा ठेवून हातांची ओंजळ केली आणि त्या ओंजळीची त्यांनाच शिसारी आली.