फक्त चेहरा

"पोट नको, तेजो. अजून वर," दिग्दर्शक गुनादी म्हणाले. तेजोने कॅमेरा आणखी पुढे सरकवला.

जकार्तातल्या त्या रोजच्या मालिकेत नटी लारास ही नायिका, सासूची 'वांझोटी' सून. प्रत्यक्षात तिला सातवा महिना लागलेला. सेटवर सगळ्यांना ठाऊक, प्रेक्षकांना नाही. आधी ती कमरेपर्यंत दिसायची, मग खांद्यापर्यंत, आता नुसता चेहरा. गंमत अशी की चेहरा जसजसा जवळ आला, तसतशा घरोघरच्या बायका जास्त रडायला लागल्या आणि मालिका पहिल्या नंबरावर जाऊन बसली.

करार नायिका मरेपर्यंतचा होता. आज ती ट्रकखाली मरणार, असा शब्द मिळाला होता. उद्या माहेरी, सोलो शहरात, आईच्या अंगणात सातव्या महिन्याची आंघोळ, तिकडचं डोहाळजेवणच म्हणा. फुलांचं पाणी काय, बाटिकची सात वस्त्रं काय, आईने सगळी जय्यत तयारी केली होती.

जेवणाच्या सुट्टीत निर्मात्या बू रोस्मा, म्हणजे रोस्माबाई, संहितेची नवी पानं घेऊन आल्या.

"ट्रकने उडवलंय, पण जीव नाही गेला. कोमात आहेस तू."

"बू, उद्या माझी आंघोळ आहे हो! आई वाट बघतेय."

"अगं, पडून तर राहायचंय. एक शब्द बोलायचा नाही. एवढं सुख कुणाला मिळतं?"

असलं सुख वैऱ्यालाही नको. लारासला पांढऱ्या चादरीखाली निजवलं, नाकात नळी लावली. कॅमेरा इतका जवळ आला की तेजोचा श्वास ऐकू येत होता. पापणीसुद्धा हलवायची नव्हती. तेवढ्यात पोटात बाळाने लाथ मारली.

लारासने डोळे उघडले. नळी ओढून काढली, चादर भिरकावली आणि उठून बसली. दोन्ही हात पोटावर ठेवून ती थेट कॅमेऱ्यात ओरडली, "बघा! सगळ्यांनी बघा! मी चालले घरी!"

बू रोस्मांचा चेहरा पांढराफटक पडला.

"पोट आलं का रे त्यात?"

"नाही, बू," तेजो म्हणाला. सवयीने त्याचा कॅमेरा तिच्या चेहऱ्याबरोबर वर गेला होता. "चेहराच आहे. हातपण नाहीत."

बू रोस्मांनी मॉनिटरवर ते दृश्य लावून पाहिलं. मग टाळी वाजवली.

"तिचा आवाज काढून टाका, वर संगीत घाला. शुद्धीवर आली पोरगी! आता वर्षभर मरत नाही ही."