लढाईतला तास

ईरप्पाने दुसरा कागद पहिल्याच्या शेजारी ठेवला. "हा खरा," तो म्हणाला.

कडेला भोकं असलेले, इंग्रजी अक्षरांत छापलेले ते दोन लांब कागद नागम्माने पाहिले. पहिल्यावर मंगळ चौथ्या घरात होता, दुसऱ्यावर पाचव्या.

"चार वाजता मास्तर येणार आणि तू दोन-दोन पत्रिका घेऊन आलास?"

"अक्का, पहिली चुकली. मशीनची नाही, माझी चूक."

ईरप्पा मुंबईत एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहीत असे. साहेबांची परवानगी काढून, सुटीच्या दिवशी त्याने थोरल्या बहिणीची पत्रिका छापून आणली होती. नागम्मा एकतीस वर्षांची झाली होती. जोशांनी लिहिलेल्या पत्रिकेत मंगळ होता आणि त्यापायी बारा वर्षांत सहा स्थळं परत गेली होती. सातवं कुणी शोधलं नव्हतं. तिच्याच शाळेतले मल्लिनाथ सर चार वर्षं थांबले होते.

पण मंगळाची सून आली तर मुलगा हातचा जाईल, अशी त्यांच्या आईला धास्ती होती. आईचा शब्द मोडणं मल्लिनाथांना जमणारं नव्हतं. शेवटी आई एवढ्यावर आली, की माझा भाऊ चन्नप्पा मास्तर मशीनची पत्रिका बघेल. तो हो म्हणाला तर हो. नाही म्हणाला तर दुधनीहून सांगून आलेली मुलगी करायची.

"चूक म्हणजे काय चूक?" नागम्माने विचारलं.

"मशीनला ग्रीनिचची वेळ लागते. म्हणून मी सूचनेचं एक कार्ड मशीनमध्ये घातलं होतं, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. कुणाचाही जन्म असो, साडेपाच. पण लढाईच्या वर्षांत सरकारनं देशातली घड्याळं तासभर पुढं केली होती. तुझा जन्म चव्वेचाळीसचा. तुझ्या वेळेतून साडेसहा वजा करायला पाहिजेत."

"मग?"

"घड्याळात सहा म्हणजे खरे पाच. खरे सहा असते तर मंगळ चौथ्यात, वाईट. पाचला तो पाचव्यात, निर्दोष. जोशांनीही तो तास धरला नाही, मीही आधी धरला नव्हता."

नागम्माने दोन्ही पत्रिकांतल्या मंगळावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "बारा वर्षं. एका तासापायी."

तिने कागद उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "खोटं नाही ना, ईरप्पा? खोट्यावर मी त्या घरात जाणार नाही."

"आकडा आहे, अक्का. आकडा खोटं बोलत नाही."

मास्तर चारला दोन मिनिटं कमी असताना आले. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. रोज रेडिओच्या ठोक्यावर मनगटी घड्याळ लावायचा. चहाला हात न लावता त्यांनी दोन्ही कागद मांडीवर घेतले आणि ईरप्पाकडून तासाची हकिकत दोनदा ऐकली.

"लढाईतला टाइम मला आठवतो," ते म्हणाले. "शाळेत आम्ही अंधारात प्रार्थना घ्यायचो. पण गावात कितीतरी लोकांनी घड्याळं हलवलीच नव्हती. तुमचं घड्याळ कुठलं, गुरप्पा?"

ईरप्पाने वडिलांकडे पाहिलं. ही शंका त्याला सुचलीच नव्हती.

"घड्याळ कुटलं आमच्याकडं?" गुरप्पा म्हणाले. ते होटगी स्टेशनावर रूळ बदलणारे पॉइंट्समन होते, आता रिटायर. "टेसनावर ड्युटी होती की माझी. सहा-पाचाची विजापूर गाडी फलाटाला लागली आन् क्वार्टरातनं पोरीचं रडणं आलं. तितंच हातातल्या कागदावर लिवलं, सहा वाजून पाच मिंटं."

"म्हणजे रेल्वेचा टाइम."

"व्हय की. रेल्वेला सरकारचाच टाइम."

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली. सहा पाच, वजा साडेसहा तास. ग्रीनिचला आदल्या रात्रीचे अकरा पस्तीस. कागदावर तेच छापलेलं होतं. त्यांनी आकड्याखाली रेघ मारली, पुन्हा एकदा वजाबाकी केली. स्वयंपाकघराच्या दारात नागम्मा चौकट धरून उभी होती.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "मंगळ नाही. मी बहिणीला आजच सांगतो."

गुरप्पांनी डोळ्यांना टॉवेल लावला. ईरप्पाला एकदम हसू फुटलं. नागम्मा आत वळली आणि तिची आई शिवबाई साखरेची वाटी घेऊन बाहेर आल्या. मास्तरांनी चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला. आता ते मोकळे झाले होते.

"शिवबाई, पेढे पहिल्यांदा त्या विजापूर गाडीला द्या बरं का! ती होती म्हणून मिनिटासकट हिशेब लागला."

"त्या गाडीला?" शिवबाईंनी वाटी खाली टेकवली. "तिचं नाव काढू नका मास्तर. सुईण त्याच गाडीनं यायची होती. मी क्वार्टरात कळा सोसतेय आन् दारातनं टेसनाच्या घड्याळाकडं बघतेय. सहा-पाचाची म्हणायची आपली नुसती! त्या दिवशी ती आली, तवा घड्याळात सात वाजून पाच मिंटं झाली होती."