डेलाहंटी, डब्लिन

"हा कोण?" शिपायाने काठीचं टोक फेलिमच्या छातीला लावून विचारलं.

"हा होय? कोळसे वाहतो." गॅरेटने हातातल्या बंदुकीवरून मानसुद्धा वर केली नाही. "कॅथलिक हमाल आहे साहेब. हत्यारांना हात लावत नाही."

फेलिमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्खा भाऊ बोलत होता हे. घोड्यांच्या नालांचे जुने खिळे गोळा करायचे, तापवून ठोकून त्यांची पट्टी काढायची आणि ती सळईभोवती पिळून बंदुकीची नळी घडवायची, हे काम फेलिमसारखं अख्ख्या डब्लिनमध्ये कुणाला येत नव्हतं. दुप्पट दारू ठासून बार काढला तरी त्याची नळी आजवर फुटली नव्हती. तिच्यावर अक्षरं कोरली जायची ती मात्र 'गॅरेट डेलाहंटी, डब्लिन'. आणि फेलिम म्हणे कोळसे वाहतो.

शिपाई फुकटची व्हिस्की ढोसून एकदाचा गेला.

इंग्रजांचा कायदाच तसला नतद्रष्ट होता. कॅथलिकाने बंदूक बाळगायची नाही, बनवायची नाही, बनवायला शिकायचंदेखील नाही. म्हणून सतरा वर्षांपूर्वी बापाने घरातला एक मुलगा सरकारी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये नेऊन उभा केला. बारा वर्षांच्या गॅरेटने चारचौघांत आपला धर्म सोडला, त्यांच्या वेदीपुढे गुडघे टेकून प्रभुभोजन घेतलं आणि शिक्क्याचा दाखला घेऊन तो घरी आला. त्या दाखल्यावर हे दुकान उभं राहिलं. अकरा वर्षांचा फेलिम मागच्या भट्टीवर गेला, तो तिथेच राहिला. तेव्हा बऱ्याच घरांनी असा एकेक मुलगा देऊन टाकला होता. त्यावर कुणी बोलायचं नाही, एवढंच.

फेलिमने कातडी अंगरख्याची गाठ सोडायला घेतली.

"मी चाललो. दुपारच्या भरतीला गलबत सुटतंय. समुद्रापलीकडे लिएजला जातो. तिथले बंदूकवाले सगळे कॅथलिकच आहेत. नळीवर स्वतःचं नाव घालीन."

"वेड लागलंय तुला? इथल्या नळ्या कोण करणार?"

"तू कर. नाव तुझंच आहे ना त्यांच्यावर?"

"फेलिम, तुझ्याशिवाय दुकान महिनाभरसुद्धा चालणार नाही."

"मग बुडू दे. माझं काय जातंय? मी हमाल."

"त्याच्यासमोर दुसरं काय सांगणार होतो मी? तुला तुरुंगात घातलं असतं त्यांनी."

"सतरा वर्षं हेच ऐकतोय." फेलिमचा आवाज चढला. "दुकान तुझं, नाव तुझं. सरदार-दरकदार तुला 'मिस्टर डेलाहंटी' म्हणतात आणि मी इथे काळं तोंड घेऊन धूर गिळतो. तू आईचा लाडका ना. थोरला ना. तिनेच निवडलं तुला. आणि तीच आई मरायला टेकली तेव्हा कुठे होतास रे तू? आपले पाद्रीबाबा कायदा मोडून, जिवावर उदार होऊन मागच्या दाराने आले, आणि तू अंगणात उभा. आईच्या उशाशी यायलासुद्धा लाज वाटली तुला."

"त्यांनीच उंबरा ओलांडू दिला नाही मला."

"कसा देतील? धर्म विकून खाल्लास तू."

गॅरेटने बंदूक बाजूला ठेवली. तीन पावलांत तो भट्टीपाशी आला, भावाची गचांडी धरली आणि त्याला भिंतीवर रेटलं. एवढा राग या माणसात आहे हे फेलिमला आजवर माहीत नव्हतं.

"ऐकून घे. मग खुशाल जा. बाबांनी माझं नाव काढलंच नव्हतं. तुझं काढलं होतं. धाकट्याच्या हातात कसब आहे, म्हणाले, दुकान त्याच्याच नावाने व्हायला हवं. तू आत तापाने फणफणला होतास. मी दाराआड उभा राहून सगळं ऐकत होतो."

बाहेर धक्क्यावर खलाशी आरडाओरडा करत दोर सोडत होते.

"मग?" फेलिमने विचारलं.

"मग आई चुलीपासून उठली आणि बाबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली." गॅरेटने त्याची गचांडी सोडली. "म्हणाली, फेलिमला हात लावाल तर याद राखा. एकाला नरकात पाठवायचंच असेल, तर गॅरेटला पाठवा."