उद्या भरून आणतो

नवरा विलिकेसा वारला, तेव्हा बेटाच्या रिवाजाप्रमाणे लितियानाने उथळ पाण्यातल्या त्याच्या मासेमारीच्या खडकावर काठी रोवली. शंभर दिवसांचं सुतक फिटेपर्यंत तिथे कुणी जाळं टाकायचं नाही. महिना उलटला आणि धाकटा दीर साकेआसी होडी घेऊन निघालाच. ती कमरेएवढ्या पाण्यात आडवी उभी राहिली.

"वहिनी, मेलेल्याला मासे लागतात होय? इथे आम्ही नुसता उकडलेला टारोचा कंद गिळतोय."

"गीळ. काठीला हात लावलास तर तोही मिळायचा नाही."

"दादा जिता होता तेव्हा तरी काय आणायचा? रोज रिकामी टोपली, अन् वर म्हणायचा, उद्या भरून आणतो."

खडक रिकामाच निघाला तर, ही धास्ती तिलाही होतीच. तरी ती हलली नाही.

सुतक फिटलं त्या सकाळी तिने स्वतः काठी उपटली. साकेआसीने जाळं टाकलं, ओढताना पाण्यात तोंडघशी पडला, मग अख्खा गाव दोरीला लागला. इतके महिने कुणी न छेडलेल्या खडकावर मासळी मावत नव्हती.

लितियानाने नवऱ्याची जुनी टोपली शिगोशीग भरून डोक्यावर घेतली.

"दादा तुझा आळशी होता, साकेआसी. थापाड्या नव्हता."