चिकाचे डाग

आठवीतल्या दीपमालाला ती कादंबरी मीच सुचवली होती. “घे, केळी कापणाऱ्या मजुराच्या मुलीची गोष्ट आहे. तुला आपलीच वाटेल.” आठवड्याने तिने पुस्तक परत आणलं, तर एका पानावर केळीच्या चिकाचे काळे डाग. हा चीक कशानेच निघत नाही, हे आमच्या अख्ख्या सावदा गावाला ठाऊक. पान उघडून वर्गाला दाखवत मी ओरडले, “हात धुवायचं कळत नाही? आता पुस्तक मिळणार नाही तुला!” पोरं हसली. तिने हात ओढणीत लपवले. “मळ्यात वाचत होते, बाई. हे पान चारदा वाचलं. यातल्या बाईही त्या मुलीला वर्गात असंच बोलतात.” हसणारी पोरं पुस्तकाकडे बघू लागली. “पण शेवटी त्या बाई सगळ्यांसमोर तिची माफी मागतात,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही वाचलंय ना?” “हो,” म्हणत मी पुस्तक मिटलं. मी फक्त मागचं कव्हर वाचलं होतं.